कार्ड खराब झालं नव्हतं

हे अख्खं मी आजवर कुणापुढेच बोलले नाही. ज्या तिघांना सांगायलाच हवं होतं त्यांना सांगून झालंय — पण त्यांनाही काय केलं तेवढंच सांगितलं. का केलं, ते तोंडातून निघालं नाही. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. माझ्या धंद्यातल्या कुणाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे मी सुरुवात करते आणि मध्येच वळते, स्वतःला थोडं बरं दाखवून मोकळी होते. इथे तसं करायचं नाही असं ठरवलंय. बघू.

मी लातूरला फोटो काढते, स्वतःचा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं. आता मांडवात बाई कॅमेरा घेऊन उभी राहिली तर कुणी वळून बघत नाही. मी सुरुवात केली तेव्हा बघायचे. एका वरबापाने तर सरळ विचारलं होतं, स्टुडिओवाल्यानं बायकोला पाठवलं का म्हणून. तेव्हापासून डोक्यात एकच — पुरुषाचा फोटो हलला तर फोटो हलला, माझा हलला तर बाईला जमत नाही. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. तशी वेळ पुष्कळ बायकांवर येते, आणि त्या माझ्यासारखं करत नाहीत.

शीतल माझी मैत्रीण. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. तिचं गाव भोकर. तिचे वडील गंगाधरकाका भोकर-नांदेड काळी-पिवळी जीप चालवायचे. नांदेडला फेरी आली की आमच्या खोलीखाली हॉर्न वाजवायचे, आणि वरून बघितलं तर हातात डबा. डबा एक, पण भाकरी दोघींच्या. एकदा शीतल गावी गेलेली होती तरी डबा आला. मी म्हणाले, काका, ती नाही ना इथं. तर म्हणाले, "तू हायेस की." आणि गेले, कारण जीपमध्ये माणसं दाटून बसलेली.

शीतलचं लग्न ठरलं उदगीरच्या मुलाशी. फोटोला नांदेडचा मोठा स्टुडिओ सांगायचा असं घरात चाललं होतं. काकांनी मोडता घातला. "घरची पोरगी फोटो काढून राहिली अन् आपण बाहेरचा माणूस आणायचा?" माझं तोवर एकटीने घेतलेलं एकही लग्न नव्हतं. दुसऱ्यांच्या हाताखाली जायचे, दिवे धरायचे, फार तर जेवणाच्या पंगतीचे फोटो काढायचे. आणि हे पहिलंच, पूर्ण माझं लग्न — माझ्या मैत्रिणीचं. मी आठ-पंधरा दिवस नीट जेवले नाही. आनंदाने म्हणा, धास्तीने म्हणा. मला त्यात फरक करता येत नाही अजून.

लग्नात काय झालं ते सांगते. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, शीतलने मान वर केली — ज्या क्षणासाठी फोटोग्राफरला बोलावतात तो क्षण — आणि माझा फोकस मागच्या मांडवाच्या पडद्यावर बसलेला. पडद्याची झालर लख्ख. नवरा-नवरी धूसर. ते मला तिथेच कळलं, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर.  त्यानंतर दिवसभर मी फोटो काढत होते, पण डोक्यात तो एकच. मांडवातल्या गुलाबी-जांभळ्या दिव्यांनी सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते, आणि मला वाटत होतं की ते दिवेही माझ्याच चुकीने लागलेत.

लातूरला येऊन मी कामाला बसले. रंग नीट करायचे, अंधारे चेहरे उजळायचे. रोज बसायचे. पुण्याच्या, हैदराबादच्या फोटोग्राफरांची कामं मोबाईलवर लावून शेजारी ठेवायची आणि माझे बघायचे. एक फोटो दहा वेळा बदलायचा, अकराव्या वेळी पहिल्यासारखा करायचा. शीतलचा फोन आला की सांगायचं, अजून थोडं राहिलंय. थोडं म्हणजे काय? मलाही माहीत नव्हतं. मला ते असे हवे होते की बघणाऱ्याने आधी गप्प व्हावं. आणि ते तसे नव्हते. ते बरे होते. चारचौघांसारखे. आजही सांगते, ते लग्नाचे बरे फोटो होते, आणि एक मुख्य फोटो गेलेला होता. बस. एवढीच गोष्ट होती. तेव्हाच फोन करून सांगितलं असतं, शीतल, अक्षतांचा फोटो चुकला गं — तर तिने दोन शिव्या दिल्या असत्या आणि अल्बम मागितला असता.

नाही सांगितलं.

पाऊस लागला, पंचमी आली. शीतल माहेरी आली होती, तिथून फोन केला. आवाज वेगळा होता. म्हणाली, "अर्चू, सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं बोलून राहिल्यात, भोकरवाल्यांनी फोटोवाली कसली आणली म्हणून. जशे हायेत तशे दे. मला लाज वाटायली गं."

जशे हायेत तशे.  म्हणजे आता हे फोटो त्या सासूबाई बघणार. आल्या-गेल्याला दाखवणार. पडद्याची झालर लख्ख असलेला तो फोटोही शोधणार. मी स्टुडिओत उभी होते, समोर लॅपटॉप उघडा, त्यावर त्याच लग्नाचे फोटो. आणि मी म्हणाले, "शीतल, तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं गं. सगळे गेले."

बघा ना — वाक्यही किती चांगलं जमलं. धाडस होत नव्हतं. ते तर खरंच होतं.

 मग तिकडे काही कुजबुज, आणि फोनवर काका. मी डोळे मिटून घेतले, आता ऐकावं लागणार म्हणून. काका म्हणाले, "रडू नको पोरी. मशिनीचं काय सांगता येतं. माझी जीप न्हाई का ऐन घाटात बंद पडत? लग्न तर लागलं ना? माणसं जाग्यावर हायेत की." मी रडत नव्हते. त्यांना वाटलं मी रडते आहे. मग मी नाक ओढलं — म्हणजे रडते आहे असं त्यांना वाटत राहावं म्हणून ओढलं. हे मी त्या तिघांनाही सांगितलेलं नाही. खोटं बोलणं एक वेळ तोंडातून निसटतं. पण हे नाक ओढणं निसटलेलं नव्हतं.

नंतर शीतलकडूनच कळलं, काकांनी सगळ्या पाहुण्यांत सांगून ठेवलं होतं की अर्चनाला कुणी एक शब्द बोलायचा नाही.

मी ते फोटो पुसून टाकू शकले असते. का नाही टाकले? चांगुलपणा म्हणून नाही. मला अजून वाटत होतं की मी ते एक दिवस नीट करेन. इतके नीट, की मग खोटंही माफ होईल. हार्ड डिस्कमध्ये घातले. ती डिस्क आधी स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये, मग घरी साड्यांच्या खाली, मग परत स्टुडिओत. एका जागी ती मला ठेवता येईना. कुणी ड्रॉवरला हात लावला की मी जागची उठायचे.

पुढच्या वर्षी काका गेले. सकाळी जीप पुसत होते, छातीत कळ आली, तिथेच बसले. नांदेडला नेईपर्यंत संपलं होतं.

मी भोकरला जाऊन आले. शीतल गळ्यात पडली. काकू, म्हणजे शीतलची आई, नुसत्या माझा हात धरून बसल्या. मी त्या हाताकडे बघत होते आणि मनात हिशोब चालला होता — आता सांगायचं? इथे? आता सांगितलं तर काय म्हणतील? म्हणजे त्याही वेळी मी माझाच विचार करत होते. परतीच्या बसमध्ये मला जागा असून बसवेना. लोह्यापर्यंत दांडा धरून उभी आले.

आणि मग बालाजी आला. बालाजी शीतलचा धाकटा भाऊ. लातूरला एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला होता. हातात काकांचं लायसन. म्हणाला, "ताई, भिंतीवर लावायला बाबांचा फोटोच न्हाई. मोबाईलवर लग्नाचे हायेत पण त्यात सगळे स्टेजवरचे, नवरा-नवरीचे. बाबा कुठं थांबले स्टेजवर? कन्यादानाला बसले तर मान खाली. शीतलताई म्हणली, अर्चूकडूनच करून घे."

लायसनवरचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल कुठला ना कुठला. माणूस पकडून आणल्यासारखा दिसतो.

बालाजी समोर स्टुलावर बसला. त्याला चहा मागवला. आणि मी कामाला लागले. लायसनचा फोटो मोठा केला, मागचा भाग निळा केला, कॉलर सरळ केली, गालावरचे डाग काढले. बालाजी मध्येच म्हणाला, "डोळे तेवढे त्यांचे राहू द्या ताई." ज्या लॅपटॉपवर मी हे करत होते त्याच्या डाव्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये ती डिस्क होती. त्यात काका होते. स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण उचलून वास घेणारे काका. वऱ्हाडाच्या बसला हात करणारे काका. आणि एक — सजवलेल्या जीपमध्ये बसून आरशात बघून फेटा नीट करत होते, आरशात मी दिसले, आणि हसले. पुढचा दात पडलेला, तो दिसतो इतके मोकळे हसले. तो फोटो हललाय, कारण मलाही हसू आलं होतं.

हात पुढे करून ड्रॉवर उघडायचा होता. एवढंच. मी उघडला नाही.

आणि सांगू? लायसनचा तो फोटो मी त्याच दिवशी दिला. कुठलंच काम मी कधी वेळेत दिलं नव्हतं — ते दिलं. त्यात माझं काही पणाला लागलेलं नव्हतं ना. फोटो दुसऱ्याने काढलेला होता.

पुढची दोन-अडीच वर्षं कशी गेली ते नीट सांगता येत नाही. घेतलेली लग्नं मी लांबवत राहिले. दोन घरांनी भांडून फोटो नेले. मग मी लग्नं घेणंच कमी केलं, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर दुकान चालवलं. लोकांना सांगायचे, मला घाईचं काम जमत नाही, काम कसं परफेक्ट पाहिजे. लोकही म्हणायचे, अर्चनाताईंचं काम परफेक्ट असतं. कुणी पाहिलं होतं ते? हॉलभर येरझाऱ्या घालायची सवय लागली. भाजी गॅसवर ठेवून दुकानात जायचे, दुकान उघडं टाकून घरी. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव. मी रक्त तपासून आले. रक्तात काही निघालं नाही.

मग शीतलचा फोन आला. मुलगा वर्षाचा झाला होता, त्याचं जावळ काढायचं होतं उदगीरला. "फोटोला तूच ये. मामाच्या मांडीवर बसवायचंय. अन् हे बघ," ती हसली, "या टायमाला दोन कार्डं लाव."

ती हसली. इतक्या सहज हसली की मी हो म्हणाले.

जाताना मी ती डिस्क घेतली. आणि सोबत एक गोष्ट रचून घेतली. हैदराबादला एक माणूस आहे, खराब झालेली कार्डं दुरुस्त करतो, त्याच्याकडून हे परत मिळवले — अशी. बसमध्ये तोंडातल्या तोंडात घोकत गेले. कळतंय ना तुम्हाला? आता मला फोटो द्यायचे होते, आणि वर चांगलीही ठरायचं होतं. एका खोट्यातून बाहेर पडायला मी दुसरं खोटं शोधलं होतं, आणि ते मला खरंच सुंदर वाटत होतं.

जावळ झालं. बाळ मामाच्या मांडीवर न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे बघून रडलं, सगळे हसले, मी फोटो काढले. काही हललेही असतील. जेवणं झाली, बालाजीला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, तो लातूरला निघून गेला. पाहुणे पांगले. आतल्या खोलीत काकू, शीतल, तिच्या कडेवर बाळ, आणि मी. मी लॅपटॉप उघडला. गोष्ट सांगितली, हैदराबादच्या माणसाची, सगळी, अडखळता. आणि पहिलाच फोटो लावला तो काकांचा. पातेल्याचं झाकण हातात असलेला.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. मग माझं डोकं दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "कोण करतं माय कुणासाठी इतकं? इतकी वर्षं खराब कार्ड जपून ठेवलीस. त्यांना लई जीव होता तुझ्यावर."

माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. लुगड्याला चुलीच्या धुराचा वास. तिथून मला हलता येईना आणि तिथे राहताही येईना. मी त्यांचे हात सोडवले. म्हणाले, "काकू, थांबा. कार्ड खराब झालं नव्हतं."

त्यांना कळलं नाही. शीतलला कळलं. तिने बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हणजे? होते तुझ्याकडं?"

"हाव."

"पहिल्यापासून?"

"हाव."

"बाबा गेले तेव्हा?"

"हाव."

"बालाजी आला तेव्हा?"

मी मान डोलावली. मी पुढे काहीतरी बोलायला लागले — फोटो चांगले आले नव्हते, अक्षतांचा फोटो — तिने ऐकलं नाही. बाळाला घेऊन पलीकडच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लोटलं.

काकू लॅपटॉपसमोर बसून होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुढचा कसा आणायचा?" मी बटण दाखवलं. त्या एका बोटाने दाबत राहिल्या. एकेक फोटो. कन्यादान. रुखवत. पडद्याची झालर लख्ख असलेला तो फोटोही आला, आणि त्या म्हणाल्या, "हे अक्षतांचं." आणि पुढे गेल्या. जीपच्या आरशातला हसरा फोटो आला तेव्हा त्यांचं बोट थांबलं. तो हललाय हे त्यांना दिसलं की नाही, मला माहीत नाही. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं ती त्या खोलीत उघडी पडली होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

शेवटचा फोटो झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता जा तू. तिला भायेर यायचंय."

मी डिस्क तिथेच ठेवून निघाले.

त्यानंतर बालाजीला सांगणं राहिलं होतं. त्याच्या ऑफिसच्या जिन्यात गाठलं त्याला. वरून पोरं-पोरी पाठीला बॅगा लावून उतरत होती, आम्ही भिंतीला चिकटून उभे. मी दोन वाक्यांत सांगितलं. शीतलने त्याला आधीच फोन केला असावा, कारण तो दचकला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, मी समोर बसलो होतो." मी म्हणाले, हाव. तो म्हणाला, "तुम्ही मला चहा पाजला." आणि वर निघून गेला.

का केलं — ते आता सांगते, कारण नाहीतर पुन्हा वळण घेतल्यासारखं होईल. फोटो वाईट आहेत याची मला भीती नव्हती. ते साधे आहेत, आणि त्यावरून मीही साधीच आहे हे दिसेल, याची होती. काम दाखवलंच नाही तर कुणी तोलणार नाही. न दाखवलेल्या कामात मी हैदराबाद-पुण्याच्या बरोबरीची होते. ते सुख मला सोडवत नव्हतं. त्या सुखासाठी मी एका बाईला तिच्या नवऱ्याचा हसरा चेहरा बघू दिला नाही, वर्षानुवर्षं. भित्रेपणाला मी कामाची हौस म्हणत आले, आणि लोकांकडूनही म्हणवून घेतलं.

आता मी लग्नं घेते. फोटो आठवड्यात देते. पाठवायचं बटण दाबलं की फोन पालथा घालते आणि घासलेली भांडी परत घासायला काढते.  मागे औशाच्या एका लग्नातल्या नवरीच्या आईचा फोन आला, "ह्याच्यात माझे डोळे मिटलेत की हो." मी लॅपटॉपवर बघितलं. मिटले होते. "हो, मिटलेत," मी म्हणाले. "तो क्षण माझ्याकडून गेला."  मग ती दुसरंच काही विचारायला लागली. मी खुर्चीला धरून उभी होते.

त्याने काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. मी सुधारले असंही म्हणत नाही. परवाच एक अल्बम दोन दिवस उगाच दाबून ठेवला होता.

काकूंना मी सणाला फोन करते. त्या उचलतात, हू-हू म्हणतात, ठेवतात. शीतल उचलत नाही. उचलावा असं मी कुणाकडून सांगून धाडलेलं नाही. त्या दिवशीचे जावळाचे फोटो मी संध्याकाळीच तिला पाठवले होते, जसे होते तसे. ते तिने बघितल्याची खूण आली, पुढे काही आलं नाही. तिचा मुलगा आता बालवाडीत जायला लागला असेल. नक्की माहीत नाही.